काशगरची काशी करू नका : चीन-तैवानमधल्या अल्पसंख्य समाजांचं साहित्य मराठीत आणताना या चुका टाळा

चीनच्या वायव्येकडच्या, उइघुर लोकांच्या शिनजियांगमधली कथा आहे. गावाचं नाव तपासायला नकाशा उघडला, रोमन अक्षरं दिसली तशी देवनागरीत उतरवली आणि वाक्य झालं : ‘काशीच्या बाजारात तो नान विकत होता.’ वाचक थेट दशाश्वमेध घाटावर! ते शहर काशगर. चिनी भाषेत त्याचं आखूड रूप ‘खाश’ होतं आणि रोमन स्पेलिंग असं की मराठी माणसाला त्यात विश्वेश्वरच दिसावा.

बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. तिबेटी, उइघुर किंवा मंगोल नाव आधी चिनी अक्षरांत बसवलं जातं, मग रोमनमध्ये जातं, मग आपल्याकडे येतं. तीन घरं फिरून आलेल्या पाहुण्याला आपण तिसऱ्या घरचं समजतो. रोमन स्पेलिंगवरून ‘झाक्सी’ लिहिलेलं मी वाचलंय. तो बिचारा ताशी. चिनी नकाशावरचं ‘रिखाझ’ म्हणजे शिगात्से, ‘ह-थ्येन’ म्हणजे खोतान.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. पहिलं पान हातात घेण्याआधी सगळ्या नावांची वही करा. पात्र कोणत्या समाजाचं, त्या भाषेत नावाचा उच्चार काय, लेखक स्वतः ते कसं लिहितो, एवढं तरी वहीत हवं. कधीकधी या वहीत गंमत सापडते. लेखक-दिग्दर्शक पेमा त्सेतेन (१९६९–२०२३) तिबेटी आणि चिनी दोन्ही भाषांत लिहायचे. चिनीत त्यांचं नाव वान्मा त्साइदान. ‘वान्मा’च्या मागे पेमा आणि पेमाच्या मागे आपलं पद्म! मंगोल नावांतला ‘एर्देनी’ही मुळात रत्न. पण म्हणून पेमाचं पद्म करून टाकू नका. खोदत खोदत फार खाली गेलं की पुन्हा घर चुकतं.

तैवानमधल्या नावांचा घोळ वेगळा आहे. स्यामान रापोंगान हे लान्यू बेटावरच्या ताओ समाजाचे लेखक. ‘स्यामान’ म्हणजे बाप, आणि रापोंगान हे त्यांच्या अपत्याचं नाव. मूल होण्याआधी माणूस ‘सी’ अमुक असतो. मूल झालं की बाप ‘स्यामान’, आई ‘सिनान’ आणि नातवंड आलं की ‘स्यापेन’. आपल्याकडे ‘बंडूचे बाबा’ ही नुसती हाक असते. तिथे नावच बदलतं. त्यामुळे कथेत एकाच माणसाची तीन नावं आली तर ती लेखकाची चूक समजून एक करू नका. आणि ‘रापोंगान म्हणतात’ असं लिहिलंत तर बापाला मुलाच्या नावानं हाक मारलीत.

या समाजांना मराठीत म्हणायचं काय? ‘अल्पसंख्याक’ म्हटलं की आपल्या डोक्यात धर्म येतो. चीनमध्ये सरकारी यादीत बहुसंख्य हान सोडून ५५ समाज आहेत आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या, पावणेदोन कोटींहून अधिक लोकांच्या च्वांग समाजाचा ‘धार्मिक अल्पसंख्याक’ या चौकटीशी संबंध नाही. मूळ चिनी शब्द ‘मिन्झु’ इतका चिवट आहे की पेइचिंगच्या एका विद्यापीठानं २००८ साली आपल्या इंग्रजी नावातही तो तसाच ठेवला. मी ‘अल्पसंख्य समाज’ लिहितो आणि जमेल तिथे थेट नाव घेतो : च्वांग, यी, ईशान्येकडचे एवेंकी. मंगोल किंवा उइघुरांना मात्र ‘आदिवासी’ म्हणू नका. स्वतःची राज्यं, लिपी आणि ग्रंथ असलेले हे समाज आहेत.

तैवानसाठी ‘आदिवासी’ हा शब्द चालतो, नव्हे शोभतो. तिथे पूर्वी ‘शानबाओ’, म्हणजे डोंगरी बांधव, म्हणायचे. त्यात चहूबाजूंनी समुद्र असलेले ताओही मोजले जात! १९८०च्या दशकात या लोकांनी चळवळ केली आणि १९९४ साली ‘युआनचुमिन’ हा शब्द घटनेत आला. ‘मूळनिवासी’ अक्षरशः जवळचा वाटेल, पण आपल्याकडे त्याला स्वतःचं राजकारण आहे. जुन्या काळातल्या पात्राच्या तोंडी मात्र ‘डोंगरी’च राहू द्या. त्या काळचा अपमान पुसायचा अधिकार अनुवादकाला नाही.

‘जिवंत बुद्ध’ हा आणखी एक हमखास खड्डा. चिनीत तिबेटी अवतारी गुरूंना ‘हुओफो’ म्हणतात, त्याचा हा शब्दशः अनुवाद. तिबेटी शब्द तुल्कू, आदरानं रिंपोचे. प्रत्येक भिक्खूला ‘लामा’ करण्याची खोडही चिनीतूनच येते. लामा म्हणजे गुरू, मठातला पोरगा नव्हे.

ओळखीचे शब्द तर जास्तच दगा देतात. उइघुरमध्ये दोस्त, किताब, आसमान हे आपलेच वाटणारे शब्द आहेत. पण तिथला ‘दर्या’ म्हणजे नदी. ‘तारीम दर्या’ वाचून तक्लामाकानच्या वाळवंटात समुद्र आणू नका. तुर्फानच्या ‘कारेझ’ला चिनीत विहिरीचं अक्षर जोडतात आणि मराठीत ती विहीर होते. प्रत्यक्षात ते जमिनीखालून पाणी आणणारं, ठिकठिकाणी उभे झरोके असलेलं बोगद्यांचं जाळं. औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) नहर-ए-अंबरी पाहिलेल्या वाचकाला ‘नहर’ म्हटलं की पुरे. तिबेटी लोकांच्या रोजच्या त्साम्पाला सातूचं पीठ म्हणायला माझी हरकत नाही. ते खरंच भाजलेल्या सातूचं असतं.

व्याकरणही पाय ओढतं. उइघुर सर्वनामांना लिंग नाही आणि चिनी निवेदक स्त्री की पुरुष हे पानोपानी लपू शकतं. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे पहिल्याच ओळीत ठरवावं लागतं. लेखकानं मुद्दाम लपवलं असेल तर ‘मी पाहिलं’, ‘मी म्हटलं’, ‘मला वाटलं’ यांवर काही पानं निभावता येतात.

बोलीचा मोह मात्र आवराच. हान पात्र पुणेरी प्रमाण मराठीत आणि एवेंकी म्हातारी ‘म्या गेलू’ असं बोलते. मूळ चिनीत दोघांची भाषा सारख्याच दर्जाची असेल तर ही उतरंड तुमची, लेखकाची नाही.

शेवटचं, लिहिणारा कोण ते प्रस्तावनेत सांगा. मंगोल गवताळ प्रदेशावरच्या ‘वुल्फ टोटेम’ (२००४) या कादंबरीचे लेखक हान आहेत. लांडगा मंगोलांचं कुलचिन्ह कधीच नव्हता, असा आक्षेप मंगोल लेखक क्वो श्युएपो यांनी २०१५ साली त्यावरचा चित्रपट आल्यावर जाहीरपणे घेतला. एवेंकी म्हातारीच्या तोंडून सांगितलेली, २००८ साली माओ तुन हा चिनी कादंबरी-पुरस्कार मिळालेली छर त्सच्येन यांची कादंबरीही हान लेखिकेचीच. तिच्या चिनी शीर्षकाचा अर्थ ‘अर्गुन नदीचा उजवा तीर’. इंग्रजीत २०१३ साली ती ‘द लास्ट क्वार्टर ऑफ द मून’ म्हणून आली तेव्हा नदी गेली आणि शीर्षकात चंद्र उगवला. उजवा तीर चीनचा, डावा रशियाचा. निवेदिकेचे पूर्वज डावीकडून ओलांडून आलेले. मराठीत ही कादंबरी आणणाऱ्यानं नदी परत आणावी.