वाढत्या एल्म अ‍ॅप्लिकेशनची मांडणी: फाइल केव्हा आणि कशाभोवती फोडावी

एल्म ही वेब अ‍ॅप्लिकेशन लिहिण्याची प्रोग्रामिंग भाषा आहे. तिच्यातील प्रत्येक अ‍ॅप्लिकेशन मॉडेल (अ‍ॅप्लिकेशनची सध्याची अवस्था), अपडेट (मेसेज, म्हणजे काय घडले याची खबर, आल्यावर नवी अवस्था काढणारे फंक्शन) आणि व्ह्यू (अवस्थेवरून स्क्रीन बनवणारे फंक्शन) या तीन भागांवर उभे असते. रिडक्स ही अवस्था सांभाळणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल, कारण रिडक्सने ती बऱ्याच अंशी एल्मकडूनच घेतली आहे. अडचण सुरू होते ती अपडेट फंक्शन काही पडदे भरून वाहू लागल्यावर. रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीमधून आलेला प्रोग्रामर अशा वेळी सवयीने प्रत्येक बटणाचा आणि फॉर्मचा स्वतंत्र कंपोनंट (स्क्रीनचा सुटा तुकडा) करायला घेतो. एल्ममध्ये तसे करू नये. इथे व्हॅल्यू बदलता येत नाहीत आणि कंपायलर टाइप तपासतो, त्यामुळे लांबलचक फाइलच्या एका टोकाला केलेला बदल दुसऱ्या टोकाला गुपचूप काही बिघडवील ही भीती फारशी उरत नाही. निव्वळ ओळी वाढल्या हे फाइल फोडण्याचे कारण नव्हे.

आधी मॉडेल तपासावे. सर्व्हरकडून यादी मागवणाऱ्या पानाच्या मॉडेलमध्ये पुष्कळदा तीन फील्ड आढळतात: लोडिंग चालू आहे का हे सांगणारा बूल (हो किंवा नाही), एरर असल्यास तिचा मेबी (असेल किंवा नसेल अशी व्हॅल्यू) आणि यादी असल्यास तिचा मेबी. यांच्या ८ जुळण्या होतात, पण अर्थपूर्ण अवस्था चारच असतात: मागणी केलेली नाही, लोड होत आहे, फसले, मिळाले. या चार अवस्थांचा एकच कस्टम टाइप (ठरावीक पर्यायांपैकी एका वेळी एकच असू शकणारा टाइप; यातला प्रत्येक पर्याय म्हणजे व्हेरियंट) केला, आणि एरर फक्त ‘फसले’पाशी व यादी फक्त ‘मिळाले’पाशी ठेवली, तर एरर आणि यादी एकाच वेळी दाखवणारी स्क्रीन लिहिताच येत नाही. व्ह्यूमधील इफ-एल्सची गुंतागुंतही आपोआप सुटते. पुष्कळदा फाइल फोडण्याची गरज या टप्प्यावरच संपते.

एखादा टाइप आणि त्यावर काम करणारी फंक्शने यांचा गट स्पष्ट दिसू लागला, की त्याचे मॉड्यूल, म्हणजे स्वतंत्र फाइल, करावे. समजा, कार्टमधील वस्तूची संख्या कधीच शून्याखाली जाता कामा नये. मग कार्ट मॉड्यूलमधून टाइपचे नाव बाहेर द्यावे, पण त्याचे कन्स्ट्रक्टर (ज्यांनी त्या टाइपची व्हॅल्यू थेट बनवता येते ते) देऊ नयेत. वस्तू वाढवणे, काढणे आणि एकूण रक्कम काढणे एवढीच फंक्शने उघडी ठेवावीत. नियम एकाच ठिकाणी पाळला जातो आणि आतली रचना लिस्टवरून डिक्टवर (की आणि व्हॅल्यू यांच्या जोड्यांवर) नेली तरी बाहेरच्या कोडला धक्का लागत नाही. मॉडेल, मेसेज, अपडेट आणि व्ह्यू अशा चार फाइली करण्याची पद्धत मात्र टाळावी, कारण एक साधा बदल करायलाही चारही फाइली उघडाव्या लागतात.

स्वतःचे मॉडेल आणि स्वतःचा मेसेज टाइप देणे पानांच्या बाबतीत योग्य ठरते. मेन मॉड्यूलमध्ये, म्हणजे अ‍ॅप्लिकेशन जिथून सुरू होते तिथे, प्रत्येक पानासाठी एकेक व्हेरियंट असलेला टाइप ठेवावा आणि पानाचे व्ह्यू व कमांड (सर्व्हरकडे मागणी करण्यासारखी बाहेरची कामे) अनुक्रमे एचटीएमएल-मॅप व सीएमडी-मॅपने वरच्या मेसेजमध्ये गुंडाळावेत. या जोडणीचा कोड थोडा कंटाळवाणा असतो हे खरे; म्हणूनच ती ड्रॉपडाउनसारख्या लहान गोष्टींसाठी करू नये. ड्रॉपडाउनला एक साधे फंक्शन पुरते, ज्याला सध्याची निवड आणि निवड बदलल्यावर पाठवायचा मेसेज बाहेरून दिला जातो.

लॉगिन केलेला वापरकर्ता, नेव्हिगेशन की (पानाचा पत्ता बदलायला लागणारी व्हॅल्यू) अशी सर्व पानांना लागणारी माहिती सेशन नावाच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवावी. ती मेनमध्ये ठेवल्यास पाने मेनला आणि मेन पानांना इम्पोर्ट करू लागते, आणि असे चक्र एल्मचा कंपायलर मुळीच चालू देत नाही.

शेवटी, केस एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे व्हेरियंटनुसार शाखा निवडणाऱ्या रचनेत, उरलेले सगळे झाकणारी अंडरस्कोरची शाखा शक्यतो लिहू नये. ती नसेल, तर नवा व्हेरियंट जोडताच तो कुठे कुठे हाताळायचा राहिला आहे, ती ठिकाणे कंपायलर दाखवतो. ती असेल, तर नवा व्हेरियंट मुकाट्याने त्याच शाखेत जातो आणि कंपायलरला तक्रार करायला जागाच उरत नाही.