झाडांमधून स्नोमोबाइल: ठाणे-नवी मुंबईच्या नवशिक्यांसाठी

गुलमर्गला किंवा सोलंगला सहलीसाठी गेलेल्या अनेकांनी ‘स्नो स्कूटर’वर, म्हणजेच स्नोमोबाइलवर, एखादी फेरी मारलेली असते. त्या फेरीत वाट दाबून घट्ट केलेली असते, आजूबाजूला मोकळे मैदान असते आणि यंत्राचा ताबा बहुधा मागे बसलेल्या स्थानिक चालकाकडेच असतो. डोंगरउतारावरच्या देवदार आणि फरच्या झाडांमधून, कंबरभर भुसभुशीत बर्फात, स्वतः यंत्र चालवणे ही त्याहून पूर्णपणे वेगळी विद्या आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्यांचे नातेवाईक कॅनडात किंवा अमेरिकेच्या पश्चिम भागात स्थायिक झाले आहेत, त्यांना ती शिकण्याची संधी अधूनमधून मिळते. अशा वाचकांना तेथे पोहोचण्याआधी काय करावे आणि पोहोचल्यावर कोणत्या क्रमाने शिकावे, हे या लेखात सांगितले आहे.

मुळात झाडांमध्ये शिरायचेच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. झाडांच्या आडोशामुळे तेथील बर्फ वाऱ्याने घट्ट होत नाही आणि उन्हाने लवकर वितळत नाही, त्यामुळे तो मोकळ्या उतारावरच्या बर्फापेक्षा जास्त दिवस मऊ राहतो. शिवाय आभाळ भरून आले, की मोकळ्या उतारावर जमीन आणि आकाश यांतला फरक दिसेनासा होतो आणि चढ कोठे संपतो हेही कळत नाही. झाडांमध्ये मात्र काळसर खोडांमुळे उंचसखलपणाचा अंदाज येत राहतो. म्हणूनच बर्फ पडत असतानाही अनुभवी चालक झाडीचा आधार घेतात.

यंत्राची ओळख आधी करून घ्यावी. पुढे दोन स्की, मागे रबराचा एकच रुंद पट्टा आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवण्याच्या लांब फळ्या, अशी त्याची रचना असते. डोंगरासाठी बनवलेल्या यंत्राचा पट्टा साधारण १५४ ते १६५ इंच लांबीचा असतो, त्यावरचे रबरी दाते अडीच ते तीन इंच उंच असतात आणि दोन स्कींमधले अंतर मुद्दाम कमी, सुमारे ३६ इंच ठेवलेले असते, जेणेकरून यंत्र एका कडेवर सहज कलंडावे. इंधनाशिवाय त्याचे वजन २०० किलोच्या आसपास भरते. सहलीच्या फेऱ्यांसाठी वापरली जाणारी दोन आसनी यंत्रे अधिक रुंद आणि जड असतात व झाडांमध्ये शिकण्यासाठी ती योग्य नाहीत. आपल्याकडच्या स्कूटरप्रमाणेच येथेही गिअर बदलावा लागत नाही आणि क्लच दाबावा लागत नाही. फरक दोन गोष्टींत आहे: थ्रॉटल मनगटाने पिळायचा नसून उजव्या अंगठ्याने दाबायचा असतो आणि ब्रेकची दांडी फक्त डाव्या हाताला असते. वर्षानुवर्षे स्कूटर चालवलेला माणूस घाबरला, की उजवी मूठ घट्ट आवळतो, आणि नेमक्या त्याच क्षणी अंगठा थ्रॉटलवर दाबला जाऊन यंत्र झाडाकडे झेप घेते. म्हणून मूठ सैल ठेवून अंगठा स्वतंत्रपणे हलवण्याची सवय आधी लावावी.

तयारीचा बराचसा भाग घरीच होऊ शकतो, आणि माझ्या मते तो घरीच व्हायला हवा. परदेशात यंत्राचे भाडे दिवसावर मोजले जाते; पहिले दोन दिवस पाय दुखण्यात गेले तर शिकायला काही उरत नाही. झाडांमध्ये चालक बसत नाही, गुडघे किंचित वाकवून उभा असतो आणि सतत एका फळीवरून दुसऱ्या फळीवर जात असतो. त्यासाठी मांड्या, कंबर आणि पाठ यांना बळ लागते. इमारतीचे जिने, खारघरच्या टेकडीचा चढ किंवा येऊरचा घाट नियमित पायी चढल्यास हे बळ येते. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तेथे बिबट्यांचा वावर आहे, तेव्हा वन विभागाने परवानगी दिलेल्या वेळेत आणि परवानगी असलेल्या रस्त्यानेच जावे.

डोळ्यांची तयारी तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. डोळे जिकडे, यंत्र तिकडे, हा या विद्येचा पाया आहे. समोरच्या खोडाकडे टक लावून पाहणारा चालक त्या खोडावर जाऊन आदळतो, कारण खांदे, कंबर आणि हात नकळत नजरेच्या मागे जातात. सोसायटीच्या मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या वेड्यावाकड्या मांडाव्यात, त्यांच्यामधून सायकल शक्य तितकी संथ चालवावी आणि कोणत्याही बाटलीकडे न पाहता पुढच्या दोन बाटल्यांमधल्या मोकळ्या जागेकडे पाहण्याचा सराव करावा. पहिल्या काही फेऱ्यांत नजर पुन्हा पुन्हा बाटलीकडे ओढली जाते. ती ओढ मोडणे हाच या सरावाचा हेतू आहे.

प्रत्यक्ष बर्फावर गेल्यावर पहिला दिवस झाडांपासून दूर, मंद उताराच्या मोकळ्या जागेत घालवावा. इंजिन बंद करणारी सुरक्षा दोरी अंगाला अडकवल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. चालक पडला तर ती दोरी सुटून इंजिन बंद पडते. आधी उभे राहून सरळ जावे, नंतर मोठी वळणे घ्यावीत आणि मग आडव्या उतारावरून यंत्र कडेवर चालवण्याची कला शिकावी. ही कला आल्याखेरीज झाडांमध्ये शिरू नये, कारण झाडीतले प्रत्येक वळण तिच्यावरच उभे असते.

समजा, चढाची बाजू आपल्या डावीकडे आहे आणि आपल्याला उतार आडवा कापायचा आहे. शरीराचा भार डाव्या फळीवर घ्यावा, हँडल क्षणभर उजवीकडे, म्हणजे उताराच्या दिशेने वळवावे, त्याच वेळी यंत्र स्वतःकडे ओढावे आणि अंगठ्याने थ्रॉटलला एक छोटा झटका द्यावा. यंत्र डाव्या कडेवर कलते, उजवी स्की हवेत उचलली जाते आणि पट्ट्याची डावी कड बर्फात रुतून वाट कोरू लागते. आता वाट टिकवण्याचे काम हँडलपेक्षा अंगठ्याचे आणि पायाचे जास्त असते. यंत्र चढाकडे फारच कलू लागले तर शरीराचा भार किंचित सोडावा. ते सपाट होऊ लागले तर भार वाढवून थ्रॉटल हलकेच दाबावा. हँडल चढाच्या दिशेने वळवणे ही नवशिक्याची स्वाभाविक प्रतिक्रिया असते, आणि त्यामुळेच यंत्र सपाट होऊन खाली घसरू लागते. दोन्ही बाजूंनी हे जमेपर्यंत पुढे जाऊ नये. बहुतेकांना एक बाजू सोपी वाटते, आणि झाडी आपल्या सोयीची बाजू निवडून देत नाही.

झाडांमध्ये पहिला प्रवेश विरळ झाडी, मंद उतार आणि माहीतगार सोबती असतानाच करावा. आत शिरण्यापूर्वी थांबून वाट वाचावी. पहिल्या झाडाच्या पलीकडची दोन-तीन झाडे, त्यांच्यामधली मोकळी जागा आणि चूक झाल्यास खाली वळून बाहेर पडण्याची वाट, हे सगळे निघण्याआधी ठरलेले असावे. झाडीत ‘पुढे गेल्यावर पाहू’ चालत नाही. पुढे काय आहे हे कळत नसेल तर जेथे दिसते तेथपर्यंतच जावे आणि थांबून पुन्हा पाहावे. वेग कमी, पण गती अखंड असावी. खोल बर्फात यंत्र पूर्ण थांबले, की ते रुतते, आणि वेग वाढला, की विचार करायला वेळ उरत नाही. या दोहोंमधली गती ज्याला सापडते तो झाडीत फार लवकर रुळतो. थ्रॉटल सलग दाबून ठेवण्याऐवजी छोट्या टप्प्यांत दाबावा. ब्रेक क्वचितच लागतो, कारण अंगठा सोडला, की खोल बर्फच यंत्राला थांबवतो. थांबायचे झाल्यास शक्यतो सपाट ठिकाणी किंवा यंत्राचे तोंड उताराकडे करून थांबावे, म्हणजे पुन्हा निघताना अडचण येत नाही. चढावर पुढचा मार्ग बंद दिसला तर वेळीच, गती शिल्लक असतानाच, उताराकडे वळावे. अरुंद घळीत मात्र, तिच्यातून बाहेर पडण्याची वाट माहीत नसेल तर, उतरू नये.

यंत्र रुतणे यात कमीपणा नाही, सगळ्यांचेच रुतते. मात्र पट्टा जागच्या जागी फिरू लागला, की थ्रॉटल त्याच क्षणी सोडावा, नाहीतर तो स्वतःसाठी खड्डा खणत राहतो आणि पाच मिनिटांचे काम तासावर जाते. इंजिन बंद करावे, फळ्यांखालचा बर्फ फावड्याने काढावा, पट्ट्यासमोरचा बर्फ पायांनी तुडवून दाबावा आणि स्कीच्या टोकांना असलेल्या कड्या धरून यंत्राचे तोंड उताराकडे वळवावे. मदत करणाऱ्याने पट्ट्याच्या मागे कधीही उभे राहू नये. आणखी एक गोष्ट: पट्टा उडवत असलेल्या बर्फानेच इंजिन थंड राहते, म्हणून घट्ट, बर्फाळ वाटेवरून बराच वेळ गेल्यास तापमानाच्या दिव्याकडे लक्ष ठेवावे.

आता धोक्यांविषयी. मोठ्या सदाहरित झाडाच्या खाली झुकलेल्या फांद्यांमुळे खोडाभोवती बर्फ नीट साचत नाही आणि तेथे वरून न दिसणारी पोकळी तयार होते. त्यात डोक्याच्या बाजूने पडलेल्या माणसाला स्वतःहून बाहेर येणे फार अवघड असते आणि सैल बर्फाने गुदमरून मृत्यू येऊ शकतो. त्यामुळे अशा झाडांच्या बुंध्याजवळून जाऊ नये, शिट्टी गळ्यात ठेवावी आणि सोबत्याला नजरेच्या टप्प्यातून जाऊ देऊ नये. झाडीत सोबती एका मिनिटात दिसेनासा होतो, म्हणून दर थोड्या अंतरावर थांबून माणसे मोजावीत.

झाडी असली म्हणजे हिमस्खलन होत नाही, हा समज घातक आहे. दाट जंगल बर्फाला काही प्रमाणात धरून ठेवते हे खरे, पण ज्या झाडांमधून यंत्र जाऊ शकते त्यांच्यामधून हिमस्खलनही येऊ शकते. बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि अनेकदा ती वरून जाणाऱ्या माणसाच्या वजनामुळेच सुटतात. गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन स्कीअर अशाच हिमस्खलनात दगावले. एका उतारावर एका वेळी एकच यंत्र असावे. कोणी वर अडकले तर त्याच्या मदतीला दुसरे यंत्र घेऊन चढू नये. भलेपणाने केलेल्या या कृतीमुळे उतारावरचा भार वाढतो आणि दोघेही सापडतात. कॅनडात ‘अॅव्हलांच कॅनडा’ ही संस्था हिवाळ्यात धोक्याचा अंदाज प्रसिद्ध करते आणि हिमालयासाठी चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था इशारे देते. त्या दिवसाचा अंदाज वाचल्याशिवाय निघू नये. कॅनडात जाणाऱ्यांनी यंत्र भाड्याने घेण्याआधी हिमस्खलन-सुरक्षेचा दोन दिवसांचा प्राथमिक अभ्यासक्रम जरूर करावा. माझ्या दृष्टीने हा खर्च ऐच्छिक नाही.

प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव लावणारे संकेत पाठवणारे व पकडणारे छोटे उपकरण), बर्फात खुपसून माणूस शोधण्याची शोधकाठी आणि धातूचे फावडे असलेच पाहिजे. या वस्तू यंत्रावर बांधू नयेत, कारण हिमस्खलनात माणूस आणि यंत्र वेगळे होतात. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संकेत पाठवतो, आणि मोबाइलसारखी उपकरणे पाठवताना त्याच्यापासून २० सेंटिमीटर व शोधताना ५० सेंटिमीटर दूर ठेवावी लागतात. गाडलेल्या माणसाच्या वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, याचा अर्थ बाहेरची मदत येईपर्यंत थांबता येत नाही. शोध सोबत्यांनीच घ्यायचा असतो. याचा सराव बर्फाशिवायही होतो. गटात दोन ट्रान्सीव्हर असतील तर एक पिशवीत गुंडाळून नेरुळच्या किंवा ठाण्याच्या एखाद्या मैदानात सुक्या पाल्यापाचोळ्याखाली लपवावा आणि दुसऱ्याने तो शोधावा. विजेच्या तारा आणि खांबांजवळ संकेत बिघडतो, म्हणून मैदानाचा मधला भाग निवडावा.

कपड्यांच्या बाबतीत एकच नियम कसोशीने पाळावा: अंगालगत सुती कपडा घालू नये. झाडांमध्ये यंत्र हाकताना घाम भरपूर येतो, सुती कापड तो धरून ठेवते आणि थांबल्याबरोबर अंग गारठते. मेरिनो लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर आत, त्यावर उबेचा आणि बाहेर पाणी रोखणारा थर असावा. समुद्रसपाटीवरून थेट गुलमर्गच्या सुमारे २,६५० मीटर उंचीवर गेल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. उंचीवर इंजिनाची ताकदही दर हजार फुटांना सुमारे ३ टक्क्यांनी घटते.

प्रवासाआधी विमा योजनेची कलमे वाचावीत, कारण अनेक सहल-विम्यांत स्नोमोबाइल वगळलेली असते. हिमस्खलनात फुगणारी पिशवी नेणार असाल तर तिच्यातल्या दाबयुक्त वायूच्या नळकांड्यासाठी विमान कंपनीची मंजुरी आधी लेखी घ्यावी. परत आल्यावर साहित्य नीट वाळवूनच कपाटात ठेवावे, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात गॉगलच्या फोमला आणि बुटांच्या अस्तराला बुरशी लागते. ट्रान्सीव्हरमधल्या बॅटऱ्या जूनच्या आत काढून ठेवाव्यात. त्या आत राहून पाझरल्या तर उपकरणाचे आतले संपर्कबिंदू गंजतात, आणि पुढच्या हिवाळ्यात तो ट्रान्सीव्हर चालू झाला तरी त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.