शेळीचा पेपर आणि माझी सायटेशनं

प्रमोशनच्या मुलाखतीत फाइल चाळता चाळता समितीतले एक सर थांबले. "मॅडम, बकरियों पर भी काम किया है आपने?"

मी इंदूरला एमबीबीएसच्या मुलांना फिजिऑलॉजी शिकवते, संशोधन करते ते वैद्यकीय शिक्षणावर. शेळ्यांच्या कासदाहाशी माझा संबंध नाही. गूगल स्कॉलरने (शोधनिबंध शोधून देणारी गूगलची सेवा) दुसऱ्याच कुणा 'एस. कुलकर्णीं'चा पेपर माझ्या नावावर चढवला होता आणि मी न वाचताच प्रिंट जोडला होता. चूक माझीच.

तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये नवीन कुणी आलं की त्यांच्या पेपरांचं रेकॉर्ड मी शेजारी बसवून लावून घेते.

सुरुवात वहीत करा, इंटरनेटवर नको. प्रत्येक पेपरचं शीर्षक, जर्नल, वर्ष, डीओआय (पेपरचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), लेखकांमध्ये तुमचा नंबर कितवा आणि तुमचं नाव छापलंय कसं, हे सगळं उतरवा. हा शेवटचा रकाना आळस न करता भरा. आपल्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं, मग नवऱ्याचं, आडनावही बदलतं. माझे पहिले तीन पेपर 'आपटे' नावाने आहेत, पुढचे 'कुलकर्णी', एकात दोन्ही आणि एकात जर्नलवाल्यांनी माझं पाळण्यातलं नावच आडनाव करून टाकलंय. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत 2002 च्या आधीच्या नोंदींना तर फक्त आडनाव आणि आद्याक्षरं. त्यात कुलकर्णी, जोशी, पाटील शोधणं म्हणजे इंदूरच्या राजवाडा चौकाच्या गर्दीत "अहो काका" अशी हाक मारणं.

मग ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक, काढा. फुकट आहे, 2012 पासून चालू आहे, 16 जागांचा क्रमांक मिळतो. शेवटी एक्स आला तर चुकलं असं समजू नका, तो तपासणीचा अंक आहे. 'इतर नावं' या जागी वहीतली सगळी रूपं भरा. कॉलेजच्या ई-मेलबरोबर घरचा ई-मेलही द्या, नाहीतर नोकरी बदलली की पासवर्डसाठी जुन्या ऑफिसच्या विनवण्या.

गूगल स्कॉलरच्या प्रोफाइलमध्ये पेपर आपोआप जोडण्याची सोय असते, ती आधी बंद करा आणि 'ई-मेलने विचारा' हा पर्याय निवडा. एकच पेपर दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर खूण करून मर्ज करा. स्कोपस या पेपर आणि सायटेशनांच्या डेटाबेसचं वेगळं. तिथे प्रोफाइल आपण बनवत नाही, ते यंत्रच बनवतं; माझी दोन निघाली, एक आपटे, एक कुलकर्णी. लेखकांसाठीच्या दुरुस्तीच्या फॉर्ममधून ती एक करायची विनंती केली. लॉगिन नसलं तरी लेखक शोधता येतो.

आता आकडे. एच-इंडेक्स हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 2005 मध्ये सुचवला: जितक्या पेपरांना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशनं आहेत, असा सर्वात मोठा आकडा. तो हाताने काढता यायला हवा. समजा तुमच्या आठ पेपरांना 31, 18, 9, 7, 5, 5, 2, 1 अशी सायटेशनं आहेत, म्हणजे इतके वेळा इतर पेपरांनी त्यांचा संदर्भ दिलाय. उतरत्या क्रमाने मांडून बोटाने मोजत जा. पाचव्या पेपरला पाच आहेत, चाललं. सहाव्याला सहा हवीत, आहेत पाच. म्हणजे एच पाच. दहा किंवा जास्त सायटेशनं असलेले दोनच, म्हणून आय-टेन दोन. एकूण 78. आता यात 64 सायटेशनांची शेळी घुसवा: एकूण 142 होतात, आय-टेन तीन होतो, एच मात्र पाचचा पाचच! म्हणून नुसता एच बघून "बरोबर आहे" म्हणू नका.

स्कॉलर आणि स्कोपसचे आकडे जुळणार नाहीत, जुळवायलाही जाऊ नका. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलने तपासण्याआधीचे मसुदे) सगळं मोजतो, म्हणून तिथे आकडा सहसा फुगलेला. स्कोपस आपल्या यादीतल्याच प्रकाशनांमधलं धरतो. फॉर्मवर आकड्याशेजारी कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला, एवढं लिहा. स्कोपसमध्ये स्वतःची स्वतःला दिलेली सायटेशनं वगळून आकडा काढता येतो. विचारलं तर तोही हाताशी असू द्या.

आपल्या विषयाची एक खंत आहे. ओएससीईचं (स्टेशनागणिक एकेक कौशल्य तपासणारी प्रात्यक्षिक परीक्षा) स्टेशन बसवण्यात, रिफ्लेक्टिव्ह रायटिंग (मुलांनी स्वतःच्या अनुभवावर केलेलं लेखन) तपासण्यात वर्षं जातात आणि त्यावरच्या पेपरला सायटेशनं मिळतात चार. शेजारचे हृदयरोगवाले तेवढी महिन्यात मिळवतात. दोघांचा एच एका तराजूत घालणाऱ्याशी मी सरळ वाद घालते. जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातल्या पेपरांना सरासरी मिळणारी सायटेशनं) माणसाला जोखू नका, हे 2012 च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यातच आहे. तुमच्या पेपरमुळे दुसऱ्या कॉलेजात परीक्षा बदलली असेल तर त्यांचं पत्र मागून फाइलला लावा.

मी दर संक्रांतीच्या सुट्टीत वही आणि स्क्रीन ओळीने ताडून बघते. परवाच स्कॉलरचा ई-मेल आला, हा पेपर तुमचा का? उसाच्या वाणांवरचा होता.