शिंगराचा रंग आधी ओळखायचा तर

प्रयोगशाळेत आई-बापाची जनुक चाचणी करून घ्या. त्यासाठी आयाळीचे किंवा शेपटीचे 20-30 केस बोटाला गुंडाळून झटक्यात उपटा. टोकाला मुळाची बारीक गाठ दिसलीच पाहिजे, डीएनए तिथेच असतो. कापलेले केस वाया जातात. कोरडे करून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते.

आधी एक्स्टेन्शन जनुक (काळा रंग तयार होतो की नाही हे ठरवणारं) तपासा. दोन्ही प्रती अप्रभावी असल्या की घोडा चेस्टनट (तांबूस), आणि दोन चेस्टनटच्या जोडीला काळं शिंगरू होत नाही. पण चेस्टनटमध्ये अगूटी (काळा रंग आयाळ, शेपटी, पायांपुरता ठेवणारं जनुक) लपून राहतं. काळ्याशी जुळवलं की अचानक बे (तपकिरी अंग, काळी आयाळ-शेपटी) निघतो. नुसत्या डोळ्यांवर तर जाऊच नका, ग्रे (वयानुसार पांढरं होत जाणारं) शिंगरू जन्मतः बहुधा गडदच असतं.

अबलख घोड्यांत फ्रेम ओव्हेरो (पांढऱ्या ठिपक्यांचं एक जनुक) तपासणं टाळू नका: आई-बाप दोघांकडे एकेक प्रत असेल तर चारांत एक शक्यता जन्मून जगू न शकणाऱ्या पांढऱ्या शिंगराची. गाढवाचे केस पाठवत असाल तर पाकिटावर ‘गाढव’ असं ठळक लिहा. त्याच्या जनुकांतले बदल घोड्यापेक्षा वेगळे असतात.