पस्तिशीनंतर चान्स घेताना आधी काय करायचं

माझं लग्न छत्तिसाव्या वर्षी झालं आणि लेक झाली ती एकोणचाळिशीत. कोल्हापुरातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बरीच वर्षं काम करते, त्यामुळे या वयात मूल हवं असणाऱ्या बायका मला रोज भेटतात. त्यांचे महिने चुकीच्या क्रमानं खर्च होताना बघते, म्हणून हे लिहिते आहे.

पस्तिशीच्या आत वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टर गाठले तरी चालतं. पस्तिशीनंतर सहा महिने पुरेत. चाळिशी आली असेल, पाळी फार मागेपुढे होत असेल, पाळीत असह्य दुखत असेल किंवा कधी टीबी झाला असेल तर तेवढंही थांबू नका. टीबीनं गर्भाशयाच्या नळ्या बंद झालेल्या बायका आपल्याकडे आजही दिसतात, आणि त्यातल्या कित्येकींना कधी साधा खोकलाही झालेला नसतो.

पहिली तपासणी नवऱ्याची करा. लॅबमध्ये सून आणि सासू येतात, हातात हार्मोन्सच्या तपासण्यांची लांबलचक चिठ्ठी. नवरा खाली गाडीवर थांबलेला. त्याच्या तपासणीचं विचारलं की सासूबाई म्हणतात, "त्याला काय झालंय? चांगला धडधाकट हाय की!" मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचंही काही ना काही कारण असतं. वीर्यतपासणी स्वस्त आहे, सुई नाही, दुखणं नाही. तरी बायकोच्या नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढून होतो आणि नवऱ्याची तपासणी राहिलेलीच असते. याचा मला मनापासून राग येतो.

सॅम्पल देण्याआधी दोन ते सात दिवस वीर्यपात झालेला नसावा. त्याहून कमी नको, जास्तही नको. साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम यातलं काही वापरायचं नाही. शक्यतो लॅबमध्येच द्यावं. घरून आणायचं असेल तर तासाच्या आत, शर्टाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत. गाडीच्या डिकीत टाकू नका, बर्फात तर नाहीच. सुरुवातीचा थोडा भाग सांडला तर लाजू नका, सांगा. सर्वाधिक शुक्राणू त्यातच असतात. रिपोर्टमध्ये 'नॉर्मल आकार ४ टक्के' वाचून माणसं हबकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांत ४ टक्के हीच खालची मर्यादा आहे, आणि काउंटची, म्हणजे शुक्राणूंच्या संख्येची, मिलिलिटरला १ कोटी ६० लाख. एका खराब रिपोर्टवर निकाल लावू नका, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा करा. मध्यंतरी मोठा ताप येऊन गेला असेल तरी काउंट उतरतो.

माझा नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, भट्टीजवळ काम करायचा. त्याचा काउंट कमी आला. डॉक्टरांनी तंबाखू सोडायला आणि उष्णतेपासून लांब राहायला सांगितलं. त्यानं साहेबांशी बोलून डिस्पॅचला बदली मागून घेतली. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून सुधारणाही तितक्यानंच दिसते. हा वेळ फुकट जाऊ नये असं वाटत असेल तर त्याची तपासणी पहिल्याच महिन्यात हवी. जिममध्ये अंग भरायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचा काउंट पार शून्यावरही जातो. हे नवऱ्याला स्पष्ट विचारा.

आता तुमचं. फॉलिक अ‍ॅसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. मधुमेह असेल किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर डोस वेगळा लागतो, तो डॉक्टरांनाच ठरवू द्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि रुबेलाच्या (जर्मन गोवराच्या) अँटीबॉडीज बघून घ्या. रुबेलाची लस घ्यावी लागली तर त्यानंतर महिनाभर चान्स घेता येत नाही, म्हणून हे आधी.

एएमएच या रक्ततपासणीचा आकडा कमी आला की बायका आमच्या बाकावरच रडायला लागतात. त्यांच्याशेजारी बसून मी सांगते ते इथेही सांगते: हा आकडा अंडी साधारण किती उरलीत याचा अंदाज देतो, ती कशी आहेत हे सांगत नाही. तो कमी आहे म्हणून आपोआप दिवस राहणार नाहीत असं नाही. आणि चांगला आला म्हणून थांबायलाही मोकळीक नाही, कारण अंड्यांची प्रत वयाबरोबर उतरतेच.

चौदावा दिवस सगळ्यांना लागू नसतो. अंडं फुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. म्हणजे २६ दिवसांची पाळी असेल तर बाराव्याच्या आसपास, ३२ची असेल तर अठराव्याच्या. अंडं जेमतेम एक दिवस टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून फुटण्याआधीचे दिवस महत्त्वाचे, आणि त्या आठवड्यात एक दिवसाआड संबंध आला की झालं. मेडिकलमध्ये एलएचची पट्टी मिळते, अंडं फुटण्याआधी वाढणारं हे हार्मोन ती लघवीत दाखवते. ती पॉझिटिव्ह आली की साधारण दीड दिवसात अंडं फुटतं. पीसीओडी (अंडं वेळेवर न फुटण्याचा हार्मोन्सचा त्रास) असेल तर पट्टी फसवते, मग अंड्याची वाढ बघणारी फॉलिक्युलर स्टडीची सोनोग्राफी बरी.

मुलगाच होईल म्हणून दिलेलं कुठलंही औषध घेऊ नका. अनोळखी पुड्या आणि भस्मंही नकोत. काहींमध्ये शिसं सापडलेलं आहे.

आयव्हीएफपर्यंत वेळ आली तर सेंटर २०२१च्या एआरटी कायद्याखाली (आयव्हीएफसारख्या उपचारांसाठीचा कायदा) नोंदलेलं आहे का ते पाहा. या कायद्यात बाईसाठी ५० आणि पुरुषासाठी ५५ वर्षांची मर्यादा आहे. तिथे एकच प्रश्न नेटानं विचारा: माझ्या वयाच्या किती जणींच्या हातात बाळ आलं? नुसत्या पॉझिटिव्ह टेस्टचे आकडे ऐकून घेऊ नका. खर्च इंजेक्शनं धरून लिहून मागा.

टेस्ट पॉझिटिव्ह आली की त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. या वयात गर्भपाताचा आणि डाऊन सिंड्रोमचा धोका वाढलेला असतो, म्हणून अकरा ते चौदा आठवड्यांमधली एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी) चुकवू नका. तिची तारीख पहिल्याच भेटीत घेऊन ठेवा, आणि एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातून बाळाच्या गुणसूत्रांची तपासणी, करायची का तेही तेव्हाच विचारा.