मुलांसाठी गोष्ट लिहायची आहे? बडोद्याच्या मगरीपासून सुरुवात करू

माझी पहिली बालकथा मी आमच्या सोसायटीतल्या मुलांना वाचून दाखवली तेव्हा तिसऱ्या पानावर दोघं पाणी प्यायला उठली ती परत आलीच नाहीत. गोष्ट मगरीची होती. विश्वामित्रीला पूर आला की इथे मगर रस्त्यावर, अंगणात, कुठेही निघते, त्यामुळे बडोद्याच्या मुलांना मगरीचा कंटाळा येणं शक्यच नाही, म्हणजे चूक माझ्या लिहिण्यात होती. गोष्ट अशी होती की आवारात मगर येते, रेवा नावाची मुलगी घाबरते, आजोबा फॉरेस्टवाल्यांना फोन करतात, मगर नेली जाते आणि मग आजोबा दीड पान नदी स्वच्छ का ठेवायची ते सांगतात. सगळी गोष्ट रेवाची आणि रेवाने काय केलं, तर काहीच नाही. तिथून पुढे जे शिकले ते सांगते, ज्यांना लिहायचंय त्यांनी याच क्रमाने करून बघा.

आधी वय ठरवा. "मुलांसाठी" हे काही वय नाही. पाच वर्षांच्या मुलाला तुम्ही वाचून दाखवणार, सात वर्षांचं स्वतः अक्षरं जुळवत वाचणार आणि अकरा वर्षांचं एका बैठकीत पुस्तक संपवणार, या तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या. नुकतं वाचायला लागलेल्या मुलासाठी जोडाक्षरं शक्य तितकी टाळा, "प्रचंड" ऐवजी "खूप मोठी" म्हणा, वाक्य एका ओळीत संपवा. वाचून दाखवायच्या गोष्टीत मात्र अवघड शब्द बिनधास्त येऊ द्या, कारण तिथे आवाज अर्थ सांगतो. पहिली गोष्ट आठशे ते हजार शब्दांत बसवा, कादंबरीच्या मागे लगेच लागू नका.

मग अडचण मुलाच्या हातात द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायला हवा. आपण मोठी माणसं लिहायला बसलो की आपल्यासारखंच कुणीतरी गोष्टीत घुसतं, शहाणे आजोबा, प्रेमळ बाई, आणि तेच सगळं सोडवून मोकळे होतात. पण मुलाला मगर पकडायलाही लावता येत नाही, ते खोटं आणि धोक्याचं, उद्या एखादं मूल खरंच काठी घेऊन जाईल. मग मुलाच्या बेताचं काम शोधायचं. मी मगरीबद्दल वाचत बसले, वनखात्यासोबत मगरी पकडायला जाणाऱ्या एका दादांशी बोलले. मगर चिखलातून चालली की दोन्ही बाजूंना पंजे आणि मधोमध शेपटी ओढल्याची रेघ उमटते, हे कळलं आणि मला माझी गोष्ट मिळाली. आता मगर कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, मोठी माणसं गेटपाशी वाद घालतायत, आणि रेवाला वरच्या गॅलरीतून ती रेघ दिसते, पार्किंगमधल्या टेम्पोखाली आत गेलेली पण बाहेर न आलेली. ती खाली खेळणाऱ्या पोरांना वर बोलावते आणि वॉचमनकाकांना जागा दाखवते. मगर फॉरेस्टवालेच नेतात, पण गोष्ट रेवाची होते. माहिती अशी कामाला लावायची. मगरीच्या अंड्यातून नर निघणार की मादी हे घरट्याच्या तापमानावर ठरतं, ही मला फार आवडलेली माहिती, पण रेवाला तिचा उपयोग नव्हता म्हणून मी ती गाळली. जीव तुटतो, तरी गाळायची.

घडण आपल्याच जुन्या गोष्टींकडून घ्या. भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी आठवा. जाताना वाटेत जनावरं भेटतात, प्रत्येकाला तेच उत्तर, लेकीकडे जाईन, जाडजूड होऊन येईन. तेच वाक्य परत परत आल्यामुळे मूल दुसऱ्या वेळेपासून आपणच बोलायला लागतं, आणि म्हातारी खरंच परत येताना काय होणार याची धाकधूक आपोआप तयार होते. कागदावर हे भेटीभेटीने मांडून बघा, खूप शिकायला मिळतं.

भाषा. आमच्याकडची मुलं घरात मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्लिश बोलतात. "काकू, सांग ने पुढे," असं ती म्हणतात, आणि माझ्या गोष्टीतली मुलंही तशीच बोलतात. निवेदन सरळ मराठीत ठेवते, संवाद मुलांच्या तोंडचे. पुण्याच्या मुलालाही तो "ने" कळतो, घाबरायचं कारण नाही. अजून एक अडचण आहे, देवनागरी आमच्या मुलांना हिंदीमुळे येते, त्यामुळे चमचातला च ती हिंदीसारखा वाचतात, म्हणून सुरुवातीला तरी गोष्ट तुम्ही मोठ्याने वाचणं गरजेचं आहे.

वाचायला मात्र भरपूर हवं, त्याशिवाय लिहिणं येत नाही. बडोद्यात त्याची सोय जुनी आहे. सयाजीरावांनी 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, 1910 मध्ये ग्रंथालयांची घडी बसवायला अमेरिकेहून बॉर्डन यांना बोलावलं, आणि सयाजी बालज्ञानमालेत मुलांसाठी पुस्तकं काढली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मराठी पुस्तकं आजही आहेत. बालभारतीचं "किशोर" मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक ऑनलाइन वाचता येतात. एक गोष्ट निवडा आणि ती वहीत हाताने उतरवून काढा, वाक्य कुठे थांबतं ते बोटांना कळतं.

शेवटी वाचून दाखवा आणि मुलांकडे बघा. कागदाकडे कमी बघा. कुठे चुळबूळ सुरू झाली त्या ओळीवर पेन्सिलने खूण करा, घरी येऊन तेवढंच कापा किंवा बदला, आठवड्याने परत वाचा. माझी गोष्ट पाचव्या वेळी जमली. मग युनिकोडमध्ये टाइप करून मासिकाला पाठवा, दिवाळी अंकासाठी असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीलाच, आणि उत्तराची वाट बघताना दुसरी लिहायला घ्या.

आणि वाचून झाल्यावर "आवडली का?" असं विचारू नका, आपल्या मुलांना वळण असतं, ती हो म्हणतात. "पुढे काय झालं असेल?" विचारा. शेवटच्या वाचनाला मी हे विचारलं तर सात वर्षांची एक मुलगी म्हणाली, "ती काळा घोड्याच्या पुलाखाली गेली काकू, आणि तिने बाकीच्या मगरींना टेम्पो कसा असतो ते सांगितलं." घरी येऊन मी नवीन वहीच्या पहिल्या पानावर तेच वाक्य लिहून ठेवलंय.