येरळाकाठची रब्बी: बर्गे, विहीर आणि काठ

परतीचा पाऊस उघडला की आठ-पंधरा दिवसांत येरळेचं गढूळ पाणी नितळ होतं. हे नितळ पाणी आभाळातून आलेलं नाही. पावसाळ्यात काठच्या मुरमात जे मुरलं, तेच आता पाझरून पात्रात उतरतंय. खटावच्या डोंगरात उगम पावून नेर, वडूज, येरळवाडीवरून सांगली जिल्ह्यात उतरणारी आणि ब्रह्मनाळला कृष्णेला मिळणारी ही नदी पर्जन्यछायेतली आहे. टेंभू, जिहे-कठापूर या उपसा योजनांचं पाणी आलं तरी तिची खरी शिल्लक काठच्या जमिनीतच असते. म्हणून नदी आणि विहीर यांचा हिशेब एकत्रच धरा.

बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, बसवायची घाई नको, पण दिवाळीही उलटू देऊ नका. 2020 मध्ये ऑक्टोबरच्या मध्यावर केवढा पाऊस झाला, ते आठवत असेल. अडवलेल्या बंधाऱ्यावर तसा लोंढा आला तर तो बगलेने काठ फोडतो. हवामान खात्याने पाऊस परतल्याचं सांगितलं की कामाला लागा. आधी खाचा साफ करा. तळाच्या खाचेत मूठभर वाळू आणि दोन काटक्या अडकल्या तरी खालचा बर्गा तिरका बसतो, मग वरचे सगळे तिरके. झिजलेलं रबर आत्ताच बदला. फटीतून बोटभर धार दिसते, पण ती रात्रंदिवस चालते. बर्ग्यांच्या दोन रांगांमधली चिकणमाती थराथराने, तुडवून भरा. ती काठ खणून मात्र आणू नका. खालच्या गावाशी बोलूनच पाणी अडवा.

आता विहीर. दोरीला दगड बांधून पाणी मोजा, रोजच्याइतका वेळ मोटर चालवा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पहिल्या खुणेला आलं नसेल, तर पूर्वहंगामी उसाची लावण करू नका. माझं मत स्पष्ट आहे: अशा विहिरीवर लावलेला ऊस मार्चमध्ये शेजाऱ्याची विहीरही ओढतो. हरभरा पाण्याच्या दोन-तीन पाळ्यांत निघतो. बागायती हरभऱ्याचा पेरा 10 नोव्हेंबरच्या आत उरका. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात, त्या आधी मोजा. शाळू (रब्बी ज्वारी) एव्हाना गुडघ्याला आला असेल. कोळपणी करून भेगा बुजवा, म्हणजे ओल टिकेल.

पात्रातली वाळू म्हणजे नदीचा स्पंज. पूर्वी उन्हाळ्यात हातभर झिरा उकरला की वाटीने पाणी भरता यायचं. जिथे वाळू उपसून खडक उघडा पडला, तिथे उकरायला काही उरलंच नाही. बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी दुष्काळात याच नदीवर बळीराजा धरण उभं केलं, तेही वाळूच्या हक्कासाठी झगडून, आणि भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा दिला. गावच्या हद्दीत रात्री ट्रॅक्टर उतरत असतील, तर ते आपल्याच विहिरीवर उतरतायत असं समजा.

काठावरची निगडी, करंज, वाळुंज तोडू नका. एका वर्षी जमीन वाढवायला मी बांधाखालची निगडी जेसीबीने काढली. दोन सऱ्या जास्त मिळाल्या आणि दोन पावसाळ्यांत आठ फूट काठ वाहून गेला, मातीसकट. आता तिथे वाळा लावलाय, पण रुजायला वेळ लागतोय. किमान दहा हात काठ नांगराविना ठेवा. वेडी बाभूळ आणि बेशरम मात्र जमीन ओली आहे तोवर मुळासकट उपटा. बेशरमचे तुकडे पात्रात टाकू नका, ते वाहत जाऊन खाली पुन्हा फुटतात. वाळवून जाळा.

येरळवाडी तलावाच्या कडेला गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळात पेरा, करणाऱ्यांनी पाण्याला टेकून पेरू नये आणि खत-औषध तर अजिबात वापरू नये. त्याच उथळ चिखलात हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चरतात.

विटा-तासगाव पट्ट्यात द्राक्षाची छाटणी झाली, फवारण्या जोरात आहेत. पंप आणि टाकी नदीत विसळू नका. विहिरीपासून लांब, पडीक जागेत धुवा. रिकाम्या बाटल्या तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, मग बाटल्यांना भोकं पाडून ठेवा, म्हणजे त्यात कुणी पाणी भरणार नाही.